जिनसाठी ग्लास निवडताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात खान्देशातून आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. घरी जिनची कॉकटेल करून पाहणाऱ्यांनी कृती मिळवली, बाटली आणली, टॉनिक म्हणजे कडसर फसफसते पाणीही आणून ठेवले, आणि पाहुण्यांपुढे हे सगळे कशात ठेवायचे या प्रश्नाशी येऊन ते अडले. विषय ग्लासांचा असला तरी तो आपल्याकडच्या उन्हाळ्याशी, बोअरच्या पाण्याशी आणि घरच्या फ्रीजच्या आकाराशी बांधलेला आहे, म्हणून निवडक सहा पत्रांची उत्तरे जरा सविस्तर देत आहे.

प्रश्न : माझे मोठे बंधू येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यानिमित्त घराच्या गच्चीवर आठ जणांची बैठक ठरली आहे. जिन-टॉनिक, मार्टिनी आणि गिमलेट असे तीनच प्रकार करायचे आहेत. काचसामानाच्या दुकानात मला मोठ्या फुगीर पोटाचे, व्ही आकाराचे दांडीचे आणि साधे उंच सरळ असे तीन प्रकारचे ग्लास दाखवले आणि तिन्ही संच घ्यावे लागतील असे सांगितले. खरोखरच एवढे लागतात का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : लागत नाहीत. दोन प्रकार पुरतात : सुमारे ३५० मिलीचा उंच सरळ ग्लास आणि सुमारे १५० मिलीचा लहान, गोलसर वाटीचा दांडीचा ग्लास. दुकानात या दुसऱ्या ग्लासाला ‘कूप’ किंवा ‘निक अँड नोरा’ म्हणतात. कूप उथळ व पसरट असतो, निक अँड नोरा थोडा खोल आणि तोंडाशी किंचित आवळलेला असतो. निवड करायला मिळाली तर मी निक अँड नोरा घेईन, कारण आवळलेल्या तोंडाशी जिनचा वास जमून राहतो आणि जिनमध्ये अर्धी गंमत वासाचीच असते. जिनचा मुख्य गंध जुनिपरच्या फळांचा, ज्याला आयुर्वेदात हपुषा म्हणतात. त्याच्या खालोखाल बहुतेक जिनमध्ये जो पदार्थ वापरला जातो तो म्हणजे आपले धणे. हा वास पसरट तोंडाच्या ग्लासातून गच्चीवरच्या वाऱ्यात लगेच उडून जातो.

व्ही आकाराचा ग्लास मात्र घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगतो. चित्रात तो फार देखणा दिसतो, पण तो शंकू आहे आणि शंकूचा हिशोब वेगळा असतो. उंचीच्या निम्म्यापर्यंत भरलेल्या शंकूत एकूण क्षमतेचा फक्त आठवा भाग मावतो, तर वरच्या पाव उंचीत निम्म्याहून अधिक ऐवज असतो. म्हणजे ग्लास भरलेला असताना सगळे वजन काठाशी येते आणि हात जरासा कलला तरी पेय बाहेर पडते. काही वर्षांपूर्वी एका स्वागतसमारंभात मी असे बारा ग्लास ट्रेवर मांडून जिना चढलो होतो. वर पोहोचेपर्यंत प्रत्येकातला घोटभर ऐवज ट्रेमध्ये उतरला होता आणि एका पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्याला व्हर्मुथचा (वनस्पतींचा स्वाद दिलेल्या वाइनचा) डाग पडला होता. तेव्हापासून मी तो आकार वापरलेला नाही.

दुसरी अडचण मापाची आहे. एका मार्टिनीत साधारणपणे ६० मिली जिन आणि १० मिली ड्राय व्हर्मुथ असते, बर्फावर ढवळताना त्यात सुमारे २० मिली पाणी मिसळते, म्हणजे सगळे मिळून ९० मिली. बाजारात मिळणारे व्ही आकाराचे ग्लास बऱ्याचदा २४० मिली किंवा त्याहूनही मोठे असतात. ओट्यावर असा एक ग्लास ठेवून मी त्यात ९० मिली पाणी ओतून पाहिले, तेव्हा पाण्याची रेषा पाऊण उंचीच्या थोडी खाली आली. पाहणाऱ्याला ग्लास अर्धवट भरलेला वाटतो, यजमानाला संकोच वाटतो, आणि मग तो नकळत आणखी ओततो. आपल्याकडे मिळणाऱ्या जिनची तीव्रता बहुधा ४२.८ टक्के असते, त्यामुळे ६० मिलीच्या एका मोठ्या पेगमध्येच पंचवीस मिलीहून अधिक शुद्ध मद्यार्क असतो. लहान ग्लास पाहुण्याच्या प्रकृतीची जितकी काळजी घेतो तितकी कोणतीही सूचना घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता मे महिन्याविषयी. जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दिवेलागणीनंतरही गच्चीची फरशी तापलेलीच असते. बर्फावर नीट ढवळलेली मार्टिनी शून्याच्या किंचित खाली असते. ती जर ४० अंशांच्या फडताळातून काढलेल्या, दीडशे ग्रॅम वजनाच्या ग्लासात ओतली, तर केवळ काचेच्या उष्णतेने तिचे तापमान दहा अंशांहून अधिक वाढते, म्हणजे पहिल्या घोटाआधीच तुमचे ढवळणे वाया जाते. म्हणून दांडीचे आठही ग्लास निदान अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि एकेक करून, पेय तयार झाल्यावरच बाहेर काढा. जिनची बाटलीही फ्रीजरमध्ये ठेवली तर चालते, कारण एवढ्या तीव्रतेचे मद्य घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही. गिमलेटलाही हाच लहान ग्लास चालतो. त्यात लिंबाचा रस असल्यामुळे ते बर्फासह हलवून गाळतात, पाणी थोडे अधिक मिसळते आणि तरीही १५० मिलीच्या ग्लासात काठाखाली बोटभर जागा उरते.

जिन-टॉनिकसाठी मोठ्या फुगीर पोटाचा ग्लास स्पेनमधून आला. तेथे त्याला कोपा म्हणतात आणि तो काठापर्यंत बर्फाने भरणे ही त्याची अट आहे. अशा ६०० मिलीच्या ग्लासाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास बर्फ लागतो, आणि घरच्या फ्रीजमधला एक ट्रे साधारण तेवढाच बर्फ देतो. आठ जणांच्या एका फेरीला आठ ट्रे कोठून आणणार? दोन-तीनच खडे टाकून तो ग्लास दिला तर ते मिनिटांत वितळतात आणि टॉनिक पांचट होते. उंच सरळ ग्लासात ६० मिली जिन, १५० मिली टॉनिक आणि चार-पाच खडे नेमके बसतात. शिवाय तोंड अरुंद असल्यामुळे फसफस टिकते. टॉनिक आधीपासून थंड असू द्या, कारण शून्य अंशाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जेवढा मावतो त्याच्या निम्माच वीस अंशांच्या पाण्यात मावतो. गार नसलेले टॉनिक ओतताच सगळा वायू फेसाबरोबर निघून जातो. टॉनिक ग्लासाच्या कडेने हळू ओता आणि चमच्याने एकदाच, खालून वर उचलल्यासारखे हलवा.

खरेदी करताना एक गोष्ट लक्षात असू द्या : खोक्यावर छापलेली क्षमता काठोकाठ भरल्यावरची असते. शंका आली तर ग्लास स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून त्यात पाणी ओता, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. आणि ग्लासांच्या यादीबरोबर पाहुण्यांची यादीही पाहा. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो.

प्रश्न : माझे ग्लास नवे असूनही धुतल्यावर त्यांवर पांढरट डाग राहतात. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. जिन-टॉनिक स्वच्छ दिसत नाही आणि बुडबुडेही लवकर मरतात. दोष काचेचा आहे का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : दोष काचेचा नाही, पाण्याचा आहे. तापीकाठच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. थेंब वाळला की पाणी उडते आणि क्षार काचेवर राहतो. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात ग्लास दहा मिनिटे बुडवून ठेवा, डाग विरघळतील. व्हिनेगर नसेल तर पिळून उरलेल्या लिंबाच्या फोडीने आतून-बाहेरून चोळले तरी चालते. पुढे डाग पडू नयेत म्हणून शेवटचे खंगाळणे आरओच्या पाण्याने करा आणि ग्लास आपोआप वाळण्याची वाट न पाहता लगेच पुसा.

बुडबुड्यांचे कारण मात्र बहुधा वेगळे आहे. ज्या घासणीने फोडणीची कढई घासली तीच ग्लासाला लावली तर तेलाचा अदृश्य थर काचेवर बसतो आणि बुडबुडे त्याला मोठे होऊन चिकटतात. पुसण्याच्या फडक्याचे तंतू आत राहिले तर उलट घडते, त्या तंतूंवर बुडबुडे भराभर तयार होऊन वायू आधीच संपतो. ग्लासांसाठी स्पंज वेगळा ठेवा, साबण थोडा वापरा, आणि पुसायला जुन्या धोतराचे मऊ, अनेकदा धुतलेले कापड घ्या, त्याची लव गेलेली असते. दांडीचा ग्लास पुसताना एका हातात तळ आणि दुसऱ्या हातात वाटी धरून पिळा देऊ नका, दांडी नेमकी तेथेच मोडते. वाटी पुसताना वाटीच धरावी.

ठेवताना ग्लास उताणे ठेवावेत. पालथे ठेवले की आतली हवा कोंडते आणि फडताळाचा वास काचेत बसतो. काळा मसाला ज्या कपाटात असतो त्याच कपाटात ग्लास ठेवले, तर जिनच्या पहिल्या घोटाला मसाल्याचाच वास येतो, हे मी चाखून सांगतो. धुळीसाठी वरून पातळ कापड टाका.

प्रश्न : माझ्याकडे आजेसासूबाईंचे तांब्याचे सहा पेले आहेत. पुण्याच्या एका हॉटेलात जिन, लिंबू आणि जिंजर बिअर (आल्याचे फसफसते पेय) यांचे मिश्रण तांब्याच्या मगात दिलेले पाहिले. आमचे पेले वापरले तर चालेल का? (एक वाचिका, धुळे)

उत्तर : आतून उघडे तांबे असेल तर वापरू नका. याचे कारण आपल्या आजेसासूबाईंना नक्की ठाऊक असणार, कारण त्यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे : कळकणे. ताक, आमटी, चिंचेचे सार तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवले की कळकते, म्हणजे आंबट पदार्थ धातू विरघळवून घेतो, त्याला हिरवट झाक आणि मळमळ आणणारी चव येते. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच, जितका कमी तितका पदार्थ अधिक आंबट) दोन-अडीचच्या आसपास असतो आणि टॉनिक व जिंजर बिअरही आम्लधर्मीच असतात. अमेरिकेतील अन्नसुरक्षेची आदर्श नियमावली तर सामू सहाच्या खाली असलेला कोणताही पदार्थ तांब्याच्या संपर्कात आणू नये असे सांगते. लिंबाचे पेय त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

हॉटेलात आपण पाहिले ते पेय मुळात व्होडकाचे. १९४० च्या दशकात अमेरिकेत ‘मॉस्को म्यूल’ या नावाने आणि तांब्याच्या मगासह ते लोकप्रिय झाले, पुढे जिन घालून त्याचा दुसरा प्रकार निघाला. आज बाजारात मिळणारे चांगले मग बाहेरून तांब्याचे आणि आतून स्टेनलेस स्टीलचे असतात. मग उलटा-सुलटा करून काठाच्या आतली बाजू पाहा, ती रुपेरी असेल तर निश्चिंतपणे वापरा, तांबूस असेल तर नको. तांब्यामुळे पेय अधिक वेळ थंड राहते हा समज मात्र खरा नाही. तांबे उष्णता फार लवकर वाहून नेते, त्यामुळे मग हाताला आणि ओठाला चटकन गार लागतो, पण बाहेरची उष्णताही तितक्याच लवकर आत येते.

आपले पेले वापरात आणण्याची एक वाट आहे : आतून कल्हई करून घेणे. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आत फिरवतो तेव्हा काळवंडलेले तांबे क्षणात चांदीसारखे होते. धुळ्यात आता कल्हईवाले कमी उरले असले तरी भांड्यांच्या जुन्या दुकानांत विचारले तर पत्ता मिळू शकतो. कथील शुद्धच वापरावे, शिसे मिसळलेले नको, एवढे त्याला निक्षून सांगा. कल्हई झाल्यावरही पेल्यात पेय करून तासन्‌तास ठेवू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका. एरवी हे पेले बाहेरून चिंचेने लख्ख करून त्यांत बर्फ, पुदिना आणि लिंबे मांडली तरी मेजाची शोभा वाढते. लिंबे मात्र अखंड ठेवा, कापलेली नकोत.

प्रश्न : आजोबांच्या काळातील कोरीव काचेची एक सुरई आणि सहा बुटके जड ग्लास घरात आहेत. त्यांत शिसे असते असे कोणीतरी सांगितले. सुरईत जिन भरून ठेवावी काय? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : सुरईत जिन किंवा कोणतेही मद्य साठवू नका. काचेत शिशाचा ऑक्साइड मिसळण्याचे तंत्र इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी विकसित केले आणि १६७४ साली त्याचे पेटंट घेतले. अशी काच जड असते, कोरताना मऊ लागते, प्रकाशात इंद्रधनुष्यासारखी चमकते आणि टिचकी मारल्यावर घंटेसारखी घुमते. युरोपच्या नियमांनुसार पूर्ण लेड क्रिस्टल म्हणवून घ्यायला काचेत किमान ३० टक्के लेड ऑक्साइड असावे लागते. हे शिसे मद्यात हळूहळू उतरते आणि त्याचे प्रमाण दिवसागणिक वाढत जाते. टिचकीचा आवाज हा पक्का पुरावा नसला तरी वस्तू जुनी, जड आणि घुमणारी असेल तर शिसे आहे असे धरूनच वागावे.

त्या ग्लासांत एखाद्या संध्याकाळी पेय ओतून तासाभरात संपवणे ही वेगळी गोष्ट आहे. तेवढ्या वेळात उतरणारे शिसे फार थोडे असते. तरी रोजच्या वापरात ते आणू नका आणि मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना त्यांत सरबतसुद्धा देऊ नका. सणासमारंभाला काढायचे असतील तर त्यांना शोभणारे कॉकटेल म्हणजे नेग्रोनी : जिन, कंपारी (कडसर लाल इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मुथ प्रत्येकी ३० मिली. १९१९ साली इटलीतील फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिलो नेग्रोनी यांच्यासाठी ते पहिल्यांदा केले गेले असे परंपरेने सांगतात. हे पेय बुटक्या, जाड बुडाच्या ग्लासातच द्यावे, कारण त्यात एकच मोठा बर्फाचा ठोकळा असावा लागतो. तेवढाच बर्फ लहान खड्यांत विभागला तर पृष्ठभाग वाढून तो लवकर वितळतो. पाच सेंटिमीटरचा ठोकळा करणार असाल तर आधी ग्लासाचे तोंड आतून मोजा. ठोकळ्याचा कर्ण सात सेंटिमीटरहून थोडा अधिक भरतो, त्यामुळे साडेसात सेंटिमीटर तोंड नसेल तर ठोकळा काठावर अडकतो आणि जुनी काच दाबाने तडकू शकते. ठोकळा वरून टाकू नका, ग्लास तिरपा धरून कडेने घसरत सोडा.

प्रश्न : बैठकीत न पिणारेही असतात. त्यांना वेगळे ग्लास द्यावेत का? (एक वाचिका, चाळीसगाव)

उत्तर : मुळीच नाही, तोच उंच ग्लास, तेवढाच बर्फ आणि तीच लिंबाची साल त्यांनाही द्यावी. नुसते टॉनिक आणि लिंबू, किंवा सोडा घातलेले कोकम सरबत त्यात उत्तम दिसते. अदलाबदल होऊ नये म्हणून न पिणाऱ्यांच्या ग्लासात पुदिन्याची काडी खोवा आणि ही खूण वाढणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात जिन-टॉनिकचा ग्लास बाहेरून इतका ओला होतो की मेजावर पाण्याचे थारोळे साचते आणि बर्फही उन्हाळ्यापेक्षा लवकर संपतो असे वाटते. हा भास आहे का? दुहेरी काचेचे ग्लास घ्यावेत का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : तो भास नाही, आपले निरीक्षण अचूक आहे. मे महिन्यात शहाद्याची हवा तापलेली पण कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये ती दमट होते आणि हवेतली वाफ गार काचेवर पाणी होऊन बसते. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, आणि एक ग्रॅम वाफेतून निघालेली उष्णता सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळवायला पुरते. म्हणजे ग्लासावरून ओघळलेल्या चमचाभर पाण्याने आत पस्तीस ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळवलेला असू शकतो. सगळीच उष्णता आत जात नसली तरी फरक जाणवण्याइतका असतो.

दुहेरी काचेच्या ग्लासात मधल्या हवेमुळे बाहेरची भिंत गार होत नाही, त्यामुळे तो घामाने डबडबत नाही आणि बर्फही टिकतो. आपल्याकडच्या दोन्ही ऋतूंत तो उपयोगी आहे असे माझे मत आहे. असे ग्लास बहुधा बोरोसिलिकेट काचेचे असतात. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकीच प्रसरण पावते, म्हणून गरम पाण्याने धुतलेल्या ग्लासात बर्फ टाकला तरी ती सहसा तडकत नाही. साध्या काचेच्या ग्लासाला मात्र धुतल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मगच फ्रीजरमध्ये ठेवावे. दुहेरी ग्लासाची भिंत पातळ असते, त्यामुळे धातूच्या चमच्याने ढवळताना काचेवर आपटू नका आणि असे ग्लास एकात एक रचू नका. तळाशी एक बारीक बुजवलेले छिद्र असते. ते उघडले किंवा भिंतीला केसाएवढी चीर गेली की धुताना मधल्या पोकळीत पाणी शिरते आणि आतून धुके धरल्यासारखे दिसू लागते. असा ग्लास वाळवून पुन्हा वापरण्याचा प्रयत्न करू नका, कागदात गुंडाळून टाकून द्या. नवे घेईपर्यंत साध्या उंच ग्लासाच्या खालच्या अर्ध्या भागाला कोरडा सुती रुमाल गुंडाळून दिला तरी मेज कोरडे राहते आणि पाहुण्याच्या हाताची ऊबही काचेपर्यंत पोहोचत नाही.